'सेड यू' की 'टोल्ड यू': इंग्रजी क्रियापद पुढचा शब्द पाहून निवडा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार पाहणाऱ्या एकांचा प्रश्न आहे: "से, टेल, स्पीक, टॉक; सी, लुक, वॉच; डू, मेक; पुट, कीप; ब्रिंग, टेक; लेंड, बॉरो. अर्थ सगळे पाठ आहेत, तरी मेल लिहायला बसलो की नेमकं नको ते क्रियापद पडतं. याद्या पाठ करून थकलो. काय करू?" सोबत परदेशी ग्राहकाला लिहिलेल्या मेलमधल्या चार ओळी त्यांनी दिल्या आहेत ('शेड' म्हणजे इथे कापडाची रंगछटा):

'ॲज आय सेड यू ऑन फोन, वी हॅव डन अ मिस्टेक इन द शेड. आय विल एक्स्प्लेन यू द रीझन. वी हॅव केप्ट टू न्यू पीसेस इन द पार्सल. प्लीज सी द फोटो अँड रिव्हर्ट बॅक.'

यात पाच क्रियापदं दुरुस्त करावी लागतील: 'सेड', 'डन', 'एक्स्प्लेन', 'केप्ट' आणि 'रिव्हर्ट बॅक'. 'सी' मात्र बरोबर आहे. प्रत्येकाचं कारण पुढे येईलच, पण आधी मूळ दुखणं.

तुमची अडचण अर्थाची नाही. 'से' म्हणजे म्हणणे आणि 'टेल' म्हणजे सांगणे हे तुम्हाला येतं, आणि तरी चुकतं. मराठीत माणसाला 'ला' लागला की त्याचं वाक्यातलं काम ठरून जातं. 'मी तुम्हाला सांगितलं', 'तुम्हाला मी सांगितलं', 'सांगितलं ना तुम्हाला मी'. शब्द कुठेही हलवा, सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण यात घोटाळा होत नाही. शिवाय सांगणं, समजावणं, सुचवणं, कळवणं, विचारणं ही सगळी क्रियापदं तो 'तुम्हाला' सारखाच घेतात. इंग्रजीत असे प्रत्यय फारसे उरलेले नाहीत. तिथे कोण कुठे बसणार हे क्रियापद ठरवतं. काहींच्या शेजारी माणूस थेट बसतो, काहींना मध्ये 'टू' लागतो, काहींना पुढे वस्तूच लागते. म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: क्रियापद एकटं पाठ करू नका, त्याचा शेजारी धरून पाठ करा.

आता 'से' आणि 'टेल'. शिकणाऱ्यांच्या वह्यांत सर्वांत जास्त लाल शाई या जोडीवर जाते, म्हणून इथे जरा थांबतो. क्रियापदाच्या पुढे लगेच माणूस येतोय? मग 'टेल'. पुढे बोललेली गोष्ट येतेय? मग 'से'. 'आय टोल्ड यू दॅट द माल इज रेडी' असं अर्धं मराठी वाक्य लिहिलंत तरी क्रियापद बरोबर आहे. 'आय सेड यू' लिहिलंत तर बाकीचं इंग्रजी कितीही सफाईदार असो, वाचणारा अडखळतो. 'से'सोबत माणूस आणायचाच असेल तर 'टू' मध्ये घाला: 'व्हॉट डिड ही से टू यू?' उलट 'टेल'ला 'टू' चालत नाही, 'आय टोल्ड टू यू' हेही चूकच. कुणाला काही करायला सांगितलं असेल तर 'टेल'च: 'आय टोल्ड हिम टू वेट'.

'टेल'च्या पुढे माणूस न येणाऱ्या ठरावीक जागा आहेत. 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी', 'टेल द टाइम', 'टेल द डिफरन्स'. या पाच आधी पाठ करा, बाकी बहुतेक ठिकाणी नियम टिकतो. 'से'ची एक जागा मात्र आपल्याकडे फारशी कुणी वापरत नाही आणि कारखान्यात ती रोज लागते. टॉवेलच्या लेबलवर ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन) असं लिहिलं असेल तर आपण 'इट इज रिटन ऑन द लेबल' असं लिहितो. चूक नाही, पण इंग्रजीत सहज येणारं वाक्य 'द लेबल सेज ५०० जीएसएम' हे आहे. पत्र, पाटी, घड्याळ, बिल, सगळ्यांना 'सेज' चालतं.

'स्पीक' आणि 'टॉक' यांच्यापुढे बोललेला मजकूर येत नाही. बोलीत आपण 'तो बोलला की गाडी उद्या निघेल' असं म्हणतो, त्यातून 'ही स्पोक दॅट' जन्माला येतं. तिथे 'सेड दॅट' हवं. भाषेचं नाव आलं की 'स्पीक', 'टॉक इंग्लिश' नाही. फोनवर औपचारिक सुरुवात 'मे आय स्पीक टू' अशी. दोघांची बोलाचाली, बसून बोलणं असेल तर 'टॉक'. याच्या पलीकडे 'स्पीक टू' की 'टॉक टू' यावर डोकं शिणवू नका. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात आणि वाचणाऱ्याला फरक पडत नाही.

सोलापुरात ही चूक फक्त मराठी घरांतून येत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'चेप्पु' आणि कन्नड घरांत 'हेळु' ही क्रियापदं सांगणं आणि म्हणणं ही दोन्ही कामं करतात. त्यामुळे ऑफिसात शेजारच्या टेबलावर विचारून खात्री करून घ्यायची सोय इथे उपयोगाची नाही. तिघंही एकच चूक एकमेकांना बरोबर म्हणून सांगतील.

'से'च्या चालीने जाणारी क्रियापदं एका पानावर लिहून ठेवा: एक्स्प्लेन, सजेस्ट, मेन्शन, डिस्क्राइब, रिपोर्ट. यांच्यापुढे आधी गोष्ट, मग लागला तर 'टू' लावून माणूस. म्हणून 'एक्स्प्लेन यू द रीझन' नाही, 'एक्स्प्लेन द रीझन टू यू'. 'सजेस्ट मी अ हॉटेल' नाही, नुसतं 'सजेस्ट अ हॉटेल' पुरतं. दुसऱ्या पानावर 'टेल'च्या चालीची: इन्फॉर्म, रिमाइंड, ॲडव्हाइज, ॲश्युअर. यांना माणूस थेट लागतो, म्हणून 'वी इन्फॉर्म्ड टू यू' मधला 'टू' काढून टाका. तिसऱ्या पानावर ज्यांच्यामागे आपण उगाच एक शब्द चिकटवतो ती: 'डिस्कस' आणि 'मेन्शन' यांना 'अबाउट' नको, 'रिक्वेस्ट' आणि 'ऑर्डर' ही क्रियापदं म्हणून आली की 'फॉर' नको. 'अ रिक्वेस्ट फॉर सॅम्पल्स' हे नाम आहे, तिथे 'फॉर' योग्यच. 'वी रिक्वेस्ट फॉर सॅम्पल्स' हे क्रियापद आहे, तिथे नको. 'आन्सर'ला 'टू' नाही पण 'रिप्लाय'ला आहे: 'आन्सर द मेल', 'रिप्लाय टू द मेल'.

दुसरी मोठी भानगड एका मराठी शब्दाच्या पोटात दोन-तीन इंग्रजी क्रियापदं असतात तिथली. 'बघणं' घ्या. 'लुक' म्हणजे नजर मुद्दाम वळवणं, 'सी' म्हणजे त्या नजरेला काही दिसणं, 'वॉच' म्हणजे हलत्या, घडत्या गोष्टीवर काही वेळ नजर ठेवणं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम आपण 'वॉच' करतो, गर्दीत अचानक ओळखीचा माणूस दिसतो तो 'आय सॉ हिम', आणि शेजारच्याला बोट दाखवून म्हणतो 'लुक ॲट दॅट'. 'लुक'च्या पुढे वस्तू आली की 'ॲट' हवाच. 'लुक द फोटो' होत नाही. कारखान्यात: शेड उजेडात नेऊन तपासा, 'लुक ॲट द शेड इन डेलाइट', फरक दिसतोय का, 'कॅन यू सी द डिफरन्स?', मागावर लक्ष ठेव, 'वॉच द लूम'. टीव्ही 'वॉच'च, सिनेमाला 'सी' आणि 'वॉच' दोन्ही चालतात. तुमच्या मेलमधलं 'प्लीज सी द फोटो' बरोबर आहे कारण तिथे 'सी'चा अर्थ 'पाहून घ्या, संदर्भ घ्या' असा आहे. 'सी द अटॅच्ड फोटो' केलंत तर आणखी चांगलं. 'सी अ डॉक्टर' मधला 'सी' मात्र भेटण्याचा.

हाच प्रयत्न आणि फळ असा फरक आणखी दोन जोड्यांत आहे. 'लिसन' म्हणजे कान देणं, 'हिअर' म्हणजे कानावर पडणं. व्हिडिओ कॉलवर 'कॅन यू लिसन मी?' विचारलंत तर चुकतं. विचारायचं आहे ते 'कॅन यू हिअर मी?' आणि 'लिसन'ला 'टू' लागतो. दुसरी जोडी शोधणं आणि सापडणं. कपाट उपसत असताना आपण 'आय ॲम फाइंडिंग द फाइल' म्हणतो. 'फाइंड' म्हणजे सापडणं, ते एका क्षणात होऊन जातं. शोधाशोध चालू असेल तर 'आय ॲम लुकिंग फॉर द फाइल'. 'सर्च द बॅग' आणि 'सर्च फॉर द बॅग' यांतही गल्लत होते: पहिल्यात बॅगेची झडती आहे, दुसऱ्यात बॅगच हरवली आहे. या सगळ्या जोड्यांना एक खूण आहे. प्रयत्नाच्या क्रियापदाला 'आयएनजी' सुखाने लागतो (लुकिंग, लिसनिंग), फळाच्या क्रियापदाला या अर्थाने बहुधा लागत नाही. 'आय ॲम हिअरिंग यू' पेक्षा 'आय कॅन हिअर यू'.

'ठेवणं' तर आपल्या सगळ्यांना फसवतं. 'पुट' म्हणजे हातातली वस्तू एकदा कुठेतरी ठेवून देणं. 'कीप' म्हणजे ती तिथे राहू देणं, जपणं, किंवा तिची नेहमीची जागा असणं. 'पुट द रोल ऑन द टेबल' म्हणजे आत्ता ठेव. 'कीप द रोल ऑन द टेबल' ऐकून परका माणूस समजतो की रोल टेबलावरच आहे, तो हलवू नये. 'व्हेअर डिड यू पुट द की?' म्हणजे आत्ता कुठे ठेवलीस. 'व्हेअर डू यू कीप द की?' म्हणजे रोज कुठे ठेवतोस. तुमच्या 'वी हॅव केप्ट टू न्यू पीसेस इन द पार्सल' मध्ये ते दोन पीस आम्ही तिथेच राखून ठेवले आहेत, पाठवणार नाही, असाही अर्थ निघू शकतो. व्यवहारात हे महाग पडेल. 'वी हॅव पुट' लिहा.

'बंद करणं'ही असंच. दार, दुकान, फाइल 'क्लोज'. दिवा, पंखा, नळ 'टर्न ऑफ'. माग थांबवणं 'स्टॉप'. बॉयलर किंवा संगणक पूर्ण बंद करणं 'शट डाउन'. 'क्लोज द लाइट' कुणी लिहिलं की मराठी लगेच दिसते.

'डू' आणि 'मेक'बद्दल पुस्तकांत एक नियम असतो: काम पार पाडायचं असेल तर 'डू', काही नवीन तयार होत असेल तर 'मेक'. 'वी मेक टॉवेल्स', 'वी डू द पॅकिंग हिअर' इथवर तो चालतो. पुढे तो कोसळतो. चूक, निर्णय, पेमेंट, फोन, प्रयत्न, व्यवस्था यांना 'मेक' लागतो. धंदा, नुकसान, उपकार, गृहपाठ यांना 'डू'. यात तर्क शोधत बसू नका, नामासकट पाठ करा: 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ पेमेंट', 'डू बिझनेस', 'डू डॅमेज'. मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. मराठीत नामाला 'करणे' जोडून आपण हवं ते क्रियापद बनवतो: चौकशी करणे, तपासणी करणे, निर्यात करणे. त्याच सवयीने 'वी डू एक्स्पोर्ट', 'वी विल डू चेकिंग' येतं. इंग्रजीत पुष्कळदा त्या कामाला स्वतःचं क्रियापद आहे: 'वी एक्स्पोर्ट', 'वी विल चेक'. मेल लिहून झाला की त्यातले सगळे 'डू' शोधा आणि प्रत्येकाला विचारा, तुझ्याशिवाय भागतं का? बहुतेक वेळा भागतं. परीक्षा 'देणे'चंही तेच. आपण 'गिव्ह' लिहितो, इंग्रजीत परीक्षार्थी 'टेक' करतो आणि ब्रिटनमध्ये 'सिट'. 'गिव्ह' करतो तो परीक्षक.

इतकं झाल्यावर दिलासा देणारी बाजू. काही जोड्यांत मराठी तुमच्या बाजूने उभी आहे. वाढणे आणि वाढवणे: 'राइज' आणि 'रेज'. सुताचे दर वाढले, 'यार्न प्रायसेस हॅव रिझन'. आम्ही दर वाढवले, 'वी हॅव रेज्ड अवर प्रायसेस'. शिकणे-शिकवणे: 'लर्न' आणि 'टीच'. आठवणे आणि आठवण करून देणे: 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड'. (कुणाची आठवण येते तेव्हा मात्र यांपैकी एकही नाही, तिथे 'मिस'.) अशा जोडीत मराठी वाक्य मनात नीट म्हणा, इंग्रजी आपोआप बरोबर येतं.

'ब्रिंग' आणि 'टेक'चंही तसंच. 'आण'च्या जागी 'घेऊन ये' बसलं तर 'ब्रिंग', 'ने'च्या जागी 'घेऊन जा' बसलं तर 'टेक'. ग्राहक सोलापूरला येणार आहे, त्याला जुना सॅम्पल आणायला सांगायचंय: 'प्लीज ब्रिंग द ओल्ड सॅम्पल'. तुम्ही त्याच्या ऑफिसला जाणार आहात: 'आय विल ब्रिंग द न्यू पीसेस', कारण ऐकणाऱ्याच्या दिशेने जाणंही 'ब्रिंग'मध्येच येतं, जसं आपण 'मी उद्या तुमच्याकडे घेऊन येतो' म्हणतो. कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघाला असेल आणि तिथे तुम्हीही नाही, ग्राहकही नाही, तर ट्रक तो 'टेक' करतो. फसायला तीनच जागा. 'दुकानातून टेप आण' यात जाऊन येणं आहे, तिथे 'गेट' किंवा 'फेच'. आणि निघताना आपण 'येतो मी' म्हणतो. ते 'आय ॲम कमिंग' करू नका, 'आय ॲम लीव्हिंग' म्हणा. कुणाला 'स्टेशनवर सोडतो' हे 'आय विल लीव्ह यू' केलंत तर तुम्ही त्याला वाऱ्यावर सोडून चाललात असं ऐकू येतं. 'आय विल ड्रॉप यू ॲट द स्टेशन'.

'लेंड' देणाऱ्याचं, 'बॉरो' घेणाऱ्याचं. बँक 'लेंड' करते, आपण बँके'फ्रॉम' 'बॉरो' करतो. 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' ही चूक शेजाऱ्याकडे पाहून पकडा: 'लेंड'ला माणूस थेट चालतो, 'बॉरो'ला चालत नाही. पण उधारीवर माल घेणं हे 'बॉरो' नव्हे. 'बॉरो' केलेली वस्तू परत करायची असते. सूत आपण परत करत नाही, पैसे चुकते करतो. त्याला 'वी बॉट यार्न ऑन क्रेडिट'.

आता तुमच्या चार ओळी अशा होतील:

'ॲज आय टोल्ड यू ऑन द फोन, वी मेड अ मिस्टेक विथ द शेड. आय विल एक्स्प्लेन द रीझन टू यू. वी हॅव पुट टू न्यू पीसेस इन द पार्सल. प्लीज सी द अटॅच्ड फोटो अँड लेट अस नो.'

शेवटच्या 'रिव्हर्ट बॅक'बद्दल. भारतीय ऑफिसांत 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणे हे इतकं रुळलंय की मुंबई-पुण्याच्या पार्टीला तसं लिहिलंत तर काही बिघडत नाही. पण ब्रिटिश-अमेरिकन वाचकाला 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. बदललेली शेड पुन्हा जुनी करा, असाही कुणाचा समज होऊ शकतो. वाचणारा कोण, यावर बरंच अवलंबून असतं ते असं. 'टेक अ डिसिजन' ब्रिटिशांना चालतं, अमेरिकन 'मेक' म्हणतात, दोन्ही बरोबर. 'आय सेड यू' मात्र कुणालाच चालत नाही. आधी ज्या चुका सर्वत्र चुकाच आहेत त्या काढा, पसंतीच्या प्रश्नांवर नंतर या.

सरावाची पद्धत सांगतो. लेंड-बॉरो किंवा से-टेल जोडीने, एकाच दिवशी पाठ करू नका. जोडी एकत्र शिकली की मेंदू ती जोडी म्हणूनच साठवतो आणि ऐनवेळी दोन्ही पुढे करतो. आधी फक्त 'टेल', पुढे माणूस ठेवून, तुमच्या कामातल्या दहा-बारा वाक्यांत. ते न अडखळता यायला लागलं की मग 'से'. शब्दकोश वापरायचा तर शिकणाऱ्यांसाठी असतो तो लर्नर्स डिक्शनरीचा वापरा, इंग्रजी-मराठी नको. त्यात क्रियापदाशेजारी 'एसबी' आणि 'एसटीएच' अशी अक्षरं असतात: समबडी आणि समथिंग, म्हणजे माणूस आणि वस्तू. 'टेल'खाली 'टेल एसबी एसटीएच' दिसेल आणि 'से'खाली 'से एसटीएच टू एसबी'. अर्थ वाचण्याआधी ही अक्षरं वाचा. काही कोशांत 'आय' आणि 'टी' अशी खूण असते. 'आय' म्हणजे अकर्मक, 'टी' म्हणजे सकर्मक. 'राइज'ला 'आय', 'रेज'ला 'टी', एवढ्यावर ती जोडी सुटते.

आठवड्यातून एकदा पाठवलेले पाच मेल उघडा, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि फक्त त्याच्या पुढचा शब्द तपासा. सगळ्या चुका एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. प्रत्येकाच्या लिखाणात तीन-चारच क्रियापदं पुन्हा पुन्हा चुकतात. ती कोणती हे या रेघांवरून कळतं आणि तेवढ्यांचंच पान वहीत करायचं. मेलला उत्तर आलं की ग्राहकाने कोणतं क्रियापद कशाला जोडलंय तेही पाहून घ्या आणि पुढच्या मेलमध्ये तसंच्या तसं वापरा.

बोलताना मात्र हे काही करू नका. फोनवर क्रियापद निवडत थांबलात तर वाक्यच तुटतं, आणि समोरच्याला 'सेड यू' पेक्षा ती शांतता जास्त खटकते. बोलून टाका. लिहिताना महिनाभर नीट लिहिलंत की ते जिभेवर आपसूक उतरायला लागतं. पहिलं बहुधा 'टोल्ड यू' येईल, 'पुट' आणि 'कीप'ला सगळ्यांत जास्त वेळ लागेल.